दोन बोटांची मासळी

सोलापूरच्या मासळी बाजारात सकाळी चक्कर मारली, तर पाटीत सर्वांत जास्त दिसणारा मासा म्हणजे चिलापी. त्याच्या खालोखाल कटला, रोहू, मृगळ. मरळ आणि वाम दिसतात, पण त्यांचा भाव ऐकला की आपण पुढे सरकतो. आणि एखाद्या कोपऱ्यात गोणपाटावर ओतलेली, बोटभर लांबीची, पांढरी चकचकीत मासळी असते. तिचा ढीग मोठा आणि भाव सर्वांत कमी. बिडी वळून, नाहीतर पतीच्या लूमवरच्या पगारात घर चालवणाऱ्या आपल्या भगिनीचा हात त्या ढिगाकडे जातो, यात नवल काही नाही. महिन्याची वीस तारीख उलटली की मटणाचे नाव निघत नाही, कोंबडीही जड जाते. मग घरातल्या पोरांच्या ताटात चार घास सकस पडायचे तर मासळीच.

आज या सदरात त्या ढिगाविषयीच बोलायचे आहे. स्वस्त दिसणारी ही मासळी खरोखर स्वस्त आहे का, आणि नसेल तर तिची खरी किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आहे.

ही मासळी बहुतेक येते उजनीहून. भीमा नदीवर माढा तालुक्यात बांधलेले हे धरण आपल्या सर्वांच्या माहितीचे आहे. १९६६ साली काम सुरू झाले, १९८० साली पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. भिंत आपल्या जिल्ह्यात, पण फुगवट्याचे पाणी करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत पसरलेले, म्हणजे सोलापूर, पुणे आणि नगर (आताचे अहिल्यानगर) अशा तीन जिल्ह्यांत. सोलापूर शहराच्या नळाला येणारे बरेचसे पाणी याच जलाशयाचे. म्हणजे आपण पितो तेही उजनीचे आणि रविवारी रस्सा होतो तोही उजनीचाच!

वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात 'उजनी उणे' अशी बातमी येते. पुष्कळांना वाटते, उणे म्हणजे धरण कोरडे ठणठणीत. तसे नसते. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. या ११७ पैकी साधारण साडेत्रेपन्न टीएमसी पाणी कालव्यांना वगैरे वापरता येते, त्याला उपयुक्त साठा म्हणतात. उरलेले त्रेसष्टहून अधिक टीएमसी खालच्या पातळीवर असते, त्याचे सरकारी नाव 'मृतसाठा'. उपयुक्त साठा संपला की आकडा शून्यावर येतो आणि त्याखाली उणे मोजणी सुरू होते. २०२३ साली पाऊस कमी झाला, धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर उघडे पडले, ते पाहायला माणसांची रीघ लागली. पण तेव्हादेखील हिशेबाप्रमाणे तीस टीएमसीच्या वर पाणी जलाशयात होतेच.

इंजिनियर ज्याला मृतसाठा म्हणतात तेच माशांचे खरे घर आहे. वरचे पाणी येते आणि जाते, कधी उसाला, कधी शहराला, कधी नदीत सोडायला. खालचे पाणी टिकते म्हणून मासा टिकतो. महाराष्ट्रात उन्हाळ्यात तळ गाठणारी धरणे पुष्कळ आहेत, तिथे मासळीचा धंदा दरवर्षी पहिल्यापासून मांडावा लागतो. उजनीचे तसे नाही. म्हणून तर भिगवणसारखे रेल्वे स्टेशनचे गाव मासळीचे मोठे ठाणे होऊन बसले. संध्याकाळी जाळी लावायची, पहाटे उपसायची, उजाडता उजाडता माल लिलावाला आणि तिथून बर्फात घालून पुण्याकडे, नाहीतर आपल्याकडे. पुणे-सोलापूर रस्त्यावरची मासळीची हॉटेले तर आता इतकी नावाजली आहेत की मुंबई-पुण्याचे लोक गाड्या थांबवून जेवतात.

पण या पाण्याखाली गावे आहेत, हे त्या जेवणाऱ्यांना ठाऊक असतेच असे नाही. धरण झाले तेव्हा नदीकाठची काळी जमीन गेली, घरे गेली. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला मोबदला, पर्यायी जमीन, निदान भांडायला हातात एखादा कागद तरी मिळाला. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता त्याचे काय? दुसऱ्याच्या मळ्यावरची मजुरी हीच त्याची मिळकत. मळा बुडाला तशी मजुरी बुडाली आणि तिचा पंचनामा कोणी केला नाही. अशी बिनसातबाऱ्याची घरे गावाच्या कोणत्या टोकाला होती, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. भोई आणि कोळी समाजाचा तर हा पिढीजात धंदा. पण उजनीच्या काठावर त्यांच्याबरोबर जमीन गेलेला शेतकरीही जाळे घेऊन पाण्यात उतरला आणि भूमिहीन मजूरही. जमिनीने ज्यांना काही दिले नाही, त्यांना पाण्याने थोडेफार दिले.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे येत. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांच्या त्या कारकिर्दीत घातला गेला. एका धरणातून एकच काम न घेता पूर रोखणे, सिंचन, वीज, जलवाहतूक अशी अनेक कामे घ्यावीत आणि त्याचा लाभ सामान्य माणसापर्यंत जावा, असा त्यांचा आग्रह होता. आज उजनीच्या पाण्याचे वाटप जेव्हा बैठकांत ठरते तेव्हा उसाचा आकडा असतो, शहरांचा असतो, कारखान्यांचा असतो. जाळेवाल्याच्या नावाने एक थेंबाचाही रकाना नसतो. पाणी कधी किती उतरणार हे त्याला बैठकीत कोणी विचारत नाही, काठावरचा गाळ दिसू लागला की त्याला आपोआप कळते!

आता पुन्हा त्या ढिगाकडे येऊ.

कटला, रोहू, मृगळ हे मासे मोठे होणारे आहेत. चांगले खाद्य मिळाले तर कटला वर्षाभरात किलोच्या घरात जातो. पण त्याला स्वतःची पिल्ले व्हायला दुसरे-तिसरे वर्ष उजाडावे लागते. आणखी एक अडचण अशी की हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्याचे नवे, वाहते, गढूळ पाणी लागते. आषाढात वरून लोंढा आला की पोटात गाबोळी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. आपल्याकडे त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. आणि नेमका तोच आपला आखाडाचा महिना. श्रावण पाळणारे शेजारीपाजारी महिनाभराची बेगमी म्हणून आखाडात हात सैल सोडतात, त्यांच्या जोडीने आपणही सोडतो. गाबोळीवाला मासा तर चार पैसे जास्त देऊन मागून घेतो. एका मोठ्या रोहूच्या पोटात अंडी किती असतात? शंभर-दोनशे नव्हेत, लाखांनी असतात. त्यांतली बहुतेक वाया जातात हे खरे, पण मादीच पातेल्यात गेली तर मोजणीच संपली.

चिलापीचे याच्या उलट. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, आपल्या देशात १९५२ साली आणला. त्याला ना पूर लागतो ना प्रवाह. साचलेल्या पाण्यात, वर्षातून कित्येक वेळा त्याची वीण होते. मादी अंडी तोंडात धरून ठेवते आणि पिल्ले बाहेर पडली तरी धोका दिसताच पुन्हा तोंडात घेते. अंडी थोडी, पण जपणूक पक्की. वीतभर होण्याच्या आधीच त्याची पुढची पिढी सुरू होते. त्यामुळे जाळ्यांचा कितीही मारा झाला तरी चिलापी तगून राहतो आणि कटला-रोहू मागे पडतात. पाटीत चिलापी जास्त का दिसतो, याचे निम्मे उत्तर इथे आहे. गरिबाचा मासा म्हणून मला त्याच्याविषयी आकस नाही, उलट त्याचे उपकारच आहेत. पण एका जलाशयात एकच मासा उरणे हे चांगले लक्षण नव्हे. आता त्याच्या जोडीला सकर माशाची तक्रारही ऐकू येते. हा काचेच्या टाकीत शोभेला पाळायचा परदेशी मासा, अंगावर कडक कवच, खायला कोणी घेत नाही आणि जाळी मात्र फाडतो. हौस फिटली की लोक टाकीतले मासे नदीत सोडून देतात, तिथून हा सगळीकडे पसरतो. आफ्रिकन मागूर हे तिसरे संकट. २००० सालापासून देशात त्याच्या पालनावर बंदी आहे, तरी चोरून तळी भरली जातात आणि ती पकडून नष्ट केल्याच्या बातम्या उजनीच्या परिसरातूनही येतात.

पाटीतल्या चित्राचे दुसरे निम्मे उत्तर जाळ्यात आहे. जाळ्याचा डोळा जेवढा, तेवढा मासा अडकतो. मोठ्या डोळ्याच्या जाळ्यातून लहान मासा निसटतो, तो पुढच्या वर्षी मोठा होऊन सापडतो. लहान डोळ्याचे जाळे मात्र काही सोडत नाही. उजनीवर बारीक डोळ्याची जाळी ओढून सगळे सरसकट खरवडून काढण्याचा प्रकार चालतो, त्याला तिकडे 'वडाप' म्हणतात. (वडाप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर टपापर्यंत भरलेली जीप येते. हे जाळेही तसेच, कोणाला खाली ठेवत नाही!) त्यात येतात ती कटला-रोहूची पिल्ले. तीच आपल्या गोणपाटावरची पांढरी चकचकीत मासळी.

आता हिशेब करू. वीस ग्रॅमचे एक पिल्लू धरले तर किलोत पन्नास बसतात. ती पन्नास पाण्यातच राहिली असती तर सगळी जगली असती असे नाही. चाळीस मेली असे धरू. राहिली दहा. वर्षाने प्रत्येकी आठशे ग्रॅम झाली तरी आठ किलो मासळी. तिला भावही लहान मासळीच्या कितीतरी पट. म्हणजे आज एक किलो स्वस्तात उचलताना उद्याचे आठ किलो महाग मासे बुडाले. बुडाले कोणाचे? आपले तर आहेतच, पण आधी त्या छोट्या जाळेवाल्याचे, ज्याच्याकडे ट्यूब नाहीतर फुटकी होडी आणि दोन जाळी एवढेच भांडवल आहे.

यात सरकारी पैसाही जातो, तो आपल्याच खिशातला. जलाशयांत दर पावसाळ्यात मत्स्यबीज सोडले जाते. या कामाला बळ आले ते एका मोठ्या शोधामुळे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात एक प्रयोग यशस्वी केला. माशाच्या डोक्यातल्या एका ग्रंथीचा अर्क मादीला टोचून बंदिस्त पाण्यातही कार्प माशांची वीण करता येते, हे त्यांनी दाखवले. त्याआधी नदीतून बीज गोळा करून आणावे लागे. या शोधानंतर देशभर मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. या धंद्यात अंड्यातून नुकत्याच निघालेल्या जिवाला मत्स्यजिरे म्हणतात आणि बोटाएवढे वाढलेल्या पिल्लाला 'बोटुकली'. किती गोड शब्द आहे! ही बोटुकली जलाशयात सोडायची, ती वाढावी म्हणून. आणि एका बाजूने सोडलेली बोटुकली दुसऱ्या बाजूने बारीक जाळ्यात ओढली गेली, तर सोडणे आणि काढणे दोन्ही व्यर्थ.

मग जाळेवाल्याला हे कळत नाही का? आपल्यापेक्षा जास्त कळते. मागे टेंभुर्णीच्या बाजूला एका लग्नाला गेले असताना पाहुण्यांच्या ओळखीचे एक मासेमार भेटले. मी त्यांना सरळच विचारले, "दादा, ही लेकरं कशाला धरता?" ते म्हणाले, "ताई, मी सोडलं तर माझ्या मागनं येणारा धरतो. मग मी कुणासाठी सोडू?" त्यांच्या मंडळी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि व्यापाऱ्याची उचल फेडायची ती कशानं? त्याला वजन पाहिजे. मासा ल्हान का थोर, काटा बघत नाही."

या दोन वाक्यांत सगळे दुखणे आले. पहिले, एकट्याने शहाणे होऊन उपयोग नाही. दुसरे, जाळ्याला, होडीला, आजारपणाला व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, तेव्हा माल त्यालाच घालावा लागतो आणि भाव तो सांगेल तो. गिरणीतला कामगार असो, बिडीची बाई असो की जाळेवाला, उचलीचा फास सगळीकडे सारखाच असतो. फरक इतकाच की गिरणीत युनियन उभी राहिली, बिडी कामगारांनी लाल बावट्याखाली, नाहीतर आणखी कोणत्या झेंड्याखाली मोर्चे काढले. पाण्यावरचा माणूस विखुरलेला. पाच गावांचे पाच धक्के, प्रत्येकाची वेळ वेगळी, रात्री एकटा पाण्यात आणि दिवसा झोपलेला.

हे जमतच नाही असे मात्र म्हणू नका. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात तवा नावाचे धरण आहे. तिथे विस्थापित झाले ते बहुतेक आदिवासी. त्यांच्याच गावांवर पसरलेल्या पाण्यात मासे धरायचा हक्क मात्र बाहेरच्या ठेकेदाराला. हे लोक आपल्याच पाण्यात चोर ठरले. त्यांनी संघटना बांधली, लढा दिला आणि १९९६ साली मासेमारीचा हक्क मिळवला. गावोगावच्या सहकारी संस्था आणि त्यांच्यावर एक 'तवा मत्स्य संघ' अशी रचना केली. दहा वर्षे त्यांनी तो जलाशय चालवला. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत जाळी बंद म्हणजे बंद, बीज सोडण्याचे काम स्वतःच्या देखरेखीखाली, माल विकायचा संघाने. उत्पादन वाढले आणि मासेमाराच्या हातात पडणारा पैसाही वाढला. टेंभुर्णीच्या त्या दादांचा जो प्रश्न होता, 'मी कुणासाठी सोडू', त्याचे उत्तर तिथे सापडले होते. सगळ्यांनी एकदम सोडायचे आणि सगळ्यांनी मिळून राखायचे. पुढे २००६ च्या अखेरीस त्यांचा हक्क संपला, कारण आजूबाजूचे जंगल आणि पाणी वाघांच्या राखीव क्षेत्रात आले. ते दुःख वेगळे. पण अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी हजारो हेक्टरांचा जलाशय दहा वर्षे नीट चालवून दाखवला, हे कोणाला पुसता येणार नाही.

आपल्या राज्यातही जलाशयातली मासेमारी सहकारी संस्थांकडे द्यायची पद्धत आहे. कागदावर संस्था पुष्कळ असतात. पण सभासदाने वार्षिक सभेला जाऊन हिशेबाची वही मागितली का? संस्था कोणाच्या घरात आहे आणि शिक्का कोणाच्या खिशात? या धंद्यात जे आपले वाचक आहेत त्यांनी स्वतःला हे विचारावे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्यासारखी कर्जाची आणि विजेची सवलत मिळावी, हा त्यामागचा हेतू. चांगली गोष्ट आहे. पण ज्याचे शेततळे आहे आणि ज्याच्याकडे विजेचे मीटर आहे, त्याला या दर्जाचा उपयोग आधी होईल. नुसते जाळे असलेल्या माणसाला तो मिळायचा तर त्याच्या नावावर निदान मच्छीमार असल्याचा कागद पाहिजे. पुन्हा कागदच!

कागदावरून आठवले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि पलीकडचे इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यात लहान मुले होती. ते मासेमार नव्हते, पलीकडच्या काठाला निघालेले प्रवासी होते. पण त्याच पाण्यावर, त्याच वाऱ्यात आपला जाळेवाला रोज असतो, आणि तो बहुधा एकटाच असतो. उजनीचे पाणी समुद्रासारखे रुंद आहे, उन्हाळी वावटळ आली की लाटा उठतात. अंगात पाण्यावर तरंगवणारे जाकीट असेल तर पट्टीचा पोहणारा नसलेला माणूसही तासभर तग धरतो. 'आम्हाला पोहता येतं' हे उत्तर कोणी देऊ नये. अंगाला जाळे गुंडाळले गेले तर पोहणे कामाला येत नाही. घरातल्या बाईने हे जाकीट घालायला लावावे, जशी ती डबा न विसरता देते तसे. आणि २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपयांची तरतूद त्यात आहे. हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही, पण नाव नोंदलेले पाहिजे. आपल्या संस्थेने आपले नाव पाठवले आहे का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारायला लाजू नका. जोडीला पत्नीने जावे, दोन माणसे गेली की उत्तर लवकर मिळते.

आता बाजारातले आपले काम. सगळी लहान मासळी वाईट नाही, हे आधी सांगते. काही जाती जन्मभर बोटभरच राहतात. झिंगे आहेत, खवली आहे. ती खुशाल घ्या, काट्यासकट खाल्ली जाणारी लहान मासळी पोरांच्या हाडाला चांगली. ओळखायचे कसे? पिल्लू असेल तर मोठ्या माशाची ठेवण त्याच्यात उतरलेली दिसते. डोके अंगाच्या मानाने मोठे आणि तोंड वर वळलेले असेल तर तो कटला. कल्ल्यांजवळचे आणि पोटाखालचे पर लालसर असतील तर रोहू. चांदीसारखे लांबट अंग आणि तोंड खाली झुकलेले, तो मृगळ. विकणाऱ्या मावशीला विचारले तर त्या खरे सांगतात, त्यांची नजर पक्की असते. फक्त भांडणाच्या सुरात विचारू नका. ती मावशी पहाटे तीनला उठून आलेली असते, आणि ती पिल्ले तिने धरलेली नसतात.

त्याच पैशांत पिल्लांऐवजी चिलापी घ्यावा. कल्ला उचलून पाहा, आत लालबुंद असला पाहिजे. डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोट दाबले तर खड्डा राहू नये. पाण्यावर मरून तरंगलेला मासा कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. पुण्याकडचे सांडपाणी नदीतून उजनीत उतरते, त्याने शेवाळ माजते, पाण्यातला प्राणवायू घटून कधी कधी मासे आपोआप मरतात, त्यांचा भरवसा धरू नये. चिलापीच्या पाठीवरचे काटे हाताला लागतात, म्हणून आधी ते कात्रीने कापून मग खवले काढावेत. पोटातली काळी पातळ त्वचा मिठाने घासून काढली की चिखलाचा वास निम्मा जातो. उरलेल्यासाठी हळद, मीठ आणि चिंचेचे पाणी लावून अर्धा तास ठेवा. मग नेहमीसारखे लसूण, खोबरे, येसूर घालून कालवण करा. शेंगदाण्याचे कूट घालणारी घरेही आपल्याकडे आहेत, त्यांचा रस्सा दाट होतो. मला स्वतःला कूट न घातलेला पातळ रस्सा आणि ज्वारीची कडक भाकरी आवडते, पण यावर आमच्या घरातच एकमत नाही.

आणि आखाडात गाबोळीवाला मासा मागून घेण्याची सवय जमेल तेवढी कमी करावी. आषाढी पौर्णिमेपासून आपला वर्षावास सुरू होतो. या दिवसांत उपोसथाला मांसमासे वर्ज्य करणारी कितीतरी घरे आपल्यात आहेत. तेच दिवस नदीत मासे चढण्याचे असतात.

भिगवण, करमाळा, इंदापूर, टेंभुर्णी या भागातून आपला अंक वाचणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी जे जाळ्यावर आहेत त्यांनी दोन ओळी लिहून पाठवाव्यात. तुम्ही किती बोटांचे जाळे वापरता, व्यापारी लहान-मोठ्या मासळीला वेगळा भाव देतो की एकच, आणि तुमच्या गावच्या संस्थेची सभा शेवटची कधी झाली? लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. पोस्टकार्डही चालेल. पत्रे आली की पुढच्या एखाद्या आठवड्यात याच जागेत छापू, नाव नको असेल तर नाव गाळून.